एक गाणं, तीन आवाज : लॅटिन अमेरिकेची गाणी ऐकायची कशी

लॅटिन गाणी ऐकायला कुठून सुरुवात करू, असं क्लासमधल्या मुली विचारतात तेव्हा मी त्यांना गायकांची यादी देत नाही. एकच गाणं देते. ते तीन वेगवेगळ्या दशकांतल्या तीन आवाजांत ऐकून यायचं आणि ते कुणी रचलं त्याचं नाव वहीत लिहून आणायचं, एवढाच गृहपाठ. यादी दिली की मुली एका संध्याकाळी वीस गाणी ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं एकही गुणगुणता येत नाही. एकच गाणं तिघांकडून ऐकलं की ते गळ्यात बसतं. मग त्याचा हात धरून पुढची गाणी येतात.

ही रीत माझी नाही, ग्वादालाहारातल्या शेजारच्या आजींची. मी मिरजेची, भावगीतं गाणारी आणि शिकवणारी. नवऱ्याच्या नोकरीमुळे २०११ ते २०१४ आम्ही मेक्सिकोत राहिलो. तिथं गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी एका दुकानातून जुन्या गाण्यांच्या तीन सीड्या आणल्या. गाणी गोड होती, पण वेष्टनावर गायकाच्या फोटोपलीकडे काही नव्हतं. शब्द कुणाचे, चाल कुणाची, साल कोणतं, कशाचाच पत्ता नाही. आपल्याकडे भावगीत म्हटलं की गीतकार, संगीतकार, गायक ही नावं एका दमात येतात. रेडिओनं आपल्या कानांना ते वळण लावलंय. त्यामुळे त्या सीड्या ऐकताना मला सारखं काहीतरी हातातून निसटल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी आजी स्वयंपाकघरातल्या टेबलावर राजमा पसरून खडे निवडत होत्या. मी मदतीला बसले आणि निवडता निवडता ‘बेसामे मूचो’ गुणगुणू लागले. म्हटलं, तिथल्या लाडक्या गायकाचं, लुइस मिगेलचं हे गाणं मला फार आवडतं. आजींचा हात थांबला. “त्याचं नाही ते, मिहा. आमच्या कोन्सुएलितोचं.” मिहा म्हणजे ‘माझी मुलगी’, आपण ‘अगं पोरी’ म्हणतो तसं. मग त्यांनी सांगितलं. कोन्सुएलो वेलास्केस ही त्यांच्याच हालिस्को राज्यातली, सिउदाद गुस्मानला १९१६ साली जन्मलेली. पियानो रीतसर शिकलेली. ग्रानादोस या स्पॅनिश संगीतकाराच्या पियानोरचनेतली एक जागा मनात घोळत असताना तिला ही चाल सुचली. ‘मला भरभरून चुंबनं दे’ असं म्हणणारं हे गाणं रचलं तेव्हा आपलं एकदाही कुणी चुंबन घेतलं नव्हतं, असं ती पुढे सांगायची. आजी बोलत होत्या आणि त्यांचा अंगठा थाळीच्या कडेवर वाजत होता. एक ठोका, मग थोडी विश्रांती, मग लागोपाठ दोन.

तो ठोकाच आधी शिकायचा.

शब्दांआधी ठेका

बोलेरो हा लॅटिन अमेरिकेतल्या प्रेमगीतांचा जुना आणि टिकाऊ साचा. क्युबाच्या पूर्व टोकाच्या सांतिआगो शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो आकाराला आला. पेपे सांचेस हा तिथला शिंपी गिटारवर गाणी बांधायचा. बोलेरोचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात. स्पेनमध्ये याच नावाचा एक नाच आहे, पण तो तीनाच्या वजनाचा, त्याच्याशी याची गल्लत करू नका. क्युबातला बोलेरो चाराच्या वजनाचा, म्हणजे आपला केरवा जाणणाऱ्याला घरचा. आठ मात्रा सावकाश मोजा आणि पहिल्या, पाचव्या, सातव्या मात्रेवर मांडीवर थाप द्या. बेस वाजतो तो इथं. आजींचा अंगठाही तिथंच पडत होता. गाणारा मात्र या थापांवर स्वार होत नाही, तो किंचित मागे रेंगाळतो. भावगीतात आपण शब्द जरा उशिरा टाकून समेवर हळूच येतो, तीच गंमत. पहिले दोन दिवस शब्दांकडे लक्षच देऊ नका, नुसती थाप धरा आणि गायक किती मागे राहतो ते बघा.

साल्सा या नाचायच्या संगीताला दुसरी किल्ली लागते, आणि तिचं नावच किल्ली. क्लावे म्हणजे किल्ली; दोन लाकडी दांड्या एकमेकींवर आपटून वाजवायचा पाच ठोक्यांचा आकृतिबंध. तीनताल येत असेल तर तो पाच मिनिटांत जमतो. सोळा मात्रा मोजा आणि १, ४, ७, ११, १३ या मात्रांवर टाळी द्या. माझ्या क्लासमध्ये प्रत्येक नव्या मुलीचा हात पाचव्या मात्रेवर पडतोच, कारण तीनतालाची दुसरी टाळी तिथं हाडामासात भिनलेली असते. त्यावर उपाय म्हणजे आकडे सोडून बोल म्हणायचे. पहिल्या आठ मात्रा ‘तकिट तकिट तक’, प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर टाळी. पुढच्या आठांत दोन मात्रा गप्प, मग ‘तक’, मग ‘तकधिमि’. पुन्हा शब्दारंभी टाळी. झाले पाच ठोके. नवव्या मात्रेवर, जिथं आपली खाली असते, तिथं क्लावेही गप्प असते. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच किती तरी वेळ टाळ्या देत उभी होते.

काही गाण्यांत हे दोन अर्धे उलटे येतात, आधी दोन ठोके, मग तीन. म्हणून नव्या गाण्यात क्लावे लगेच सापडली नाही तर टाळी अर्ध्या आवर्तनानं पुढे सरकवून बघा. बसली की सगळा वाद्यवृंद एकदम जागेवर आल्यासारखा वाटतो.

मग देवनागरी

शब्द इंग्रजी लिपीतून वाचलेत तर जीभ इंग्रजीच्या वळणानं जाते आणि सगळं बिघडतं. गाणं ऐकत ऐकत देवनागरीत उतरवा. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. प, त, क यांच्यात हकार मिसळत नाही. स्वर पाचच, स्वच्छ: आ, ए, ई, ओ, ऊ. मराठी माणसाला यातलं काहीच नवीन शिकावं लागत नाही. ‘मूचो’मधला च चहातला, चमच्यातला नाही.

उतरवताना थोड्या खुणा लक्षात ठेवा. लिहिलेला ‘एच’ मुका असतो. ‘जे’चा उच्चार घशातून आलेल्या ह सारखा, म्हणून होसे, ह्वान. ‘व्ही’ आणि ‘बी’ दोन्ही ब कडे झुकतात. ‘झेड’ सगळ्या लॅटिन अमेरिकेत स. दोन ‘एल’ जोडून आले की य. पण ब्वेनोस आइरेसचा गायक असेल तर तिथं श ऐकू येईल, दचकू नका. क्युबा आणि पोर्तो रिकोकडचे लोक शब्दाच्या शेवटचा स अर्धवट गिळतात. शेजारशेजारच्या शब्दांचे स्वर एकमेकांत मिसळतात. संधी शिकलेल्या आपल्याला ते समजावून सांगावं लागत नाही. कानाला एकच लांब शब्द वाटला तर समजा दोन-तीन शब्दांची संधी झाली आहे.

अर्थासाठी सुरुवातीला दहाच शब्द पुरतात. कोरासोन म्हणजे काळीज, आल्मा म्हणजे जीव, नोचे रात्र, लूना चंद्र, ओल्बिदो विसर, बोल्बेर परतणं, योरार रडणं, सोम्ब्रा सावली, आउसेन्सिया विरह, आदिओस तर ठाऊकच आहे. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखंच तू आणि तुम्ही आहे: तू म्हणजे तूच, उस्तेद म्हणजे तुम्ही. प्रेमगीतात गायक प्रेयसीला एकदम ‘उस्तेद’ म्हणाला की त्या अंतराची कळ मराठी कानाला ताबडतोब जाणवते. इंग्रजी भाषांतरात दोन्हीकडे एकच शब्द येतो आणि ती कळ हरवते.

वहीचं डावं पान या उताऱ्यासाठी ठेवा. उजव्या पानावर अर्थ, रचणाऱ्याचं नाव, साल, आणि खाली तीन आवाज. रचणाऱ्याला स्पॅनिशमध्ये कोम्पोसितोर म्हणतात, नुसत्या गाणाऱ्याला इन्तेर्प्रेते, स्वतः रचून गाणाऱ्याला कान्ताउतोर. गाण्याच्या ॲपमध्ये श्रेयनामावली उघडली की बहुतेक वेळा पहिला शब्द सापडतो. नाव सापडलं नाही तर गाण्याचं नाव आणि ‘कोम्पोसितोर’ एवढं बोलून शोधा.

पहिला गृहपाठ : कोन्सुएलोचं गाणं

‘बेसामे मूचो’चा पहिला आवाज त्रिओ लोस पांचोसचा ऐका. १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये एकत्र आलेले तिघे: आल्फ्रेदो हिल, चूचो नावारो आणि एर्नान्दो आबिलेस. तीन गळे, तीन गिटारी, आणि त्यातली एक चिमुकली, सगळ्यांच्या वर कोकिळेसारखी बोलणारी. ती रेकिन्तो. आल्फ्रेदो हिलनं घडवून घेतलेली छोटी गिटार, नेहमीच्या गिटारीपेक्षा चार स्वर वर लावलेली, म्हणजे तिचा सा आपल्या मध्यमावर. गाण्याच्या सुरुवातीला आणि दोन कडव्यांच्या मधे जे सुरांचे तुषार उडतात, ते तिचे.

रेकिन्तो बघायला म्हणून आम्ही एकदा मिचोआकान राज्यातल्या पाराचोला गेलो. गिटारी बनवणाऱ्यांचं गाव. गल्लीत शिरले आणि पाय जागच्या जागी थबकले, कारण वास ओळखीचा होता. ताज्या रंधलेल्या लाकडाचा आणि सरसाचा. मिरजेत सतारमेकर गल्लीतून शाळेला जाताना रोज हाच वास यायचा. तिथं भोपळा आणि तुणाचं लाकूड, इथं सीडर. पण कारागीर तसाच मांडी घालून बसलेला, तसाच बोटाच्या पेरानं लाकडावर टिचकी मारून कान लावणारा. त्यानं अर्धवट झालेली रेकिन्तो माझ्या हातात दिली. पोट लहान पण खोलगट. तार लावलेली नव्हती. मी टिचकी मारली तर आतून गोल, बंद आवाज आला. तंबोऱ्याची जवारी लावणारे आमचे शेजारी आठवले. त्यानंतर मी लोस पांचोसचं गाणं ऐकते तेव्हा रेकिन्तोचा स्वर येण्याआधी त्या लाकडाचा वास येतो.

दुसरा आवाज बीटल्सचा. जून १९६२ मध्ये लंडनला केलेलं ध्वनिमुद्रण आहे, पॉल मॅकार्टनीच्या आवाजात. चाल तीच, पण मागे रेंगाळणं गेलं आणि पोरांचा उत्साह आला. थाप धरून बघा, गायक आता ठोक्याच्या पुढे धावतोय. तिसरा ब्राझीलच्या ज्वांव जिल्बेर्तोचा, १९७७ सालचा. हा आठ मिनिटांहून लांब आहे, आणि घाईत ऐकायचाच नाही. गिटार आणि कानात कुजबुजल्यासारखा आवाज, मागून व्हायोलिनांची झुळूक. शब्द फार थोडे, तेच परत परत, आणि दर खेपेला तो ते वेगळ्या मात्रेवर ठेवतो. आपल्याकडे ठुमरीत एकच ओळ घेऊन बसतात ना, तसं. तिन्ही झाल्यावर मगच लुइस मिगेलकडे जा. तेव्हा तो काय करतो आणि काय सोडतो, ते नीट दिसेल.

ब्राझीलची भाषा पोर्तुगीज, तिथली गाणी हा स्वतंत्र प्रांत आहे. ज्यांच्या घरी गोव्याकडची आजी पोर्तुगीज बोलते त्यांनी तिला सोबत घेऊन तिकडे जावं. मी इथं स्पॅनिशपुरतंच सांगते.

बोलेरोच्याच वाटेनं पुढे

मेक्सिको शहरात १९३० साली एक्स-ई-डब्ल्यू हे रेडिओ केंद्र सुरू झालं आणि बोलेरो घरोघरी पोचला. त्या काळातलं मोठं नाव आगुस्तीन लारा. पियानोवर बसून, जवळजवळ बोलल्यासारखं गाणारा. त्याच्याइतकीच मारिआ ग्रेवेरही ऐका. तिनं १९३४ साली रचलेलं ‘क्वान्दो बुएल्बा आ तू लादो’ पुढे इंग्रजी शब्द लेवून जगभर गेलं आणि १९५९ मध्ये दिना वॉशिंग्टन या अमेरिकन गायिकेनं ते आपलंसं केलं. ऐकणाऱ्या कितीतरी लोकांना ते मेक्सिकोतल्या एका बाईचं आहे हे ठाऊक नसतं. वहीत नाव लिहायचा माझा हट्ट आहे तो यासाठी.

त्यानंतरच्या पिढीत युकातानच्या मेरिदा शहरातला आर्मान्दो मान्सानेरो. आवाज साधा, जरासा भेगाळलेला, पण रचना अशी की पहिल्या ओळीत माणूस शेजारी येऊन बसतो. ‘सोमोस नोबिओस’ त्याच्याच आवाजात आधी ऐका. १९९१ साली लुइस मिगेलनं ‘रोमान्से’ हा जुन्या बोलेरोंचा संच काढला, तेव्हा त्याच्या निर्मितीत मान्सानेरो स्वतः होता. आजींच्या नातवंडांच्या वयाची मुलं पुन्हा बोलेरो गाऊ लागली ती या संचामुळे. २०२३ मध्ये क्युबा आणि मेक्सिको या दोन देशांच्या मिळून बोलेरोची युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली.

क्युबाच्या बाजूनं एकच गाणं देते, ‘दोस गार्देनियास’. रचना इसोलिना कारियो या पियानो वाजवणाऱ्या बाईंची. आधी आन्तोनिओ माचीनचा आवाज. हा क्युबाचा, पण स्पेनमध्ये स्थायिक झालेला. मग इब्राहिम फेरेरचा. १९९६ साली हवानात ‘बुएना बिस्ता सोशल क्लब’ या संचाचं ध्वनिमुद्रण ठरलं तेव्हा फेरेर सत्तरीला आला होता, गाणं सोडून बूट पॉलिश करत होता. त्याला बोलावून आणलं. त्या गाण्यात तो कुठंही आवाज चढवत नाही. प्रत्येक शब्द असा ठेवतो, जसं कुणी काचेचं भांडं टेबलावर ठेवतं. तिसरा आवाज तुम्ही शोधा. या गाण्याला आवाजांची वाण नाही.

साल्सा : एकाच आवाजाची तीन वयं

साल्साला मी रीत थोडी बदलते. इथं गाणं नको, बाई धरा. सेलिया क्रूस, जन्म हवाना, १९२५. १९५० मध्ये ती सोनोरा मातान्सेरा या वाद्यवृंदात आली. १९६० साली वृंदाबरोबर मेक्सिकोला गेली ती परत गेलीच नाही. १९६२ मध्ये आई वारली तेव्हा तिला अंत्यविधीलाही देशात येऊ दिलं नाही. १९९० मध्ये क्युबाच्याच भूमीवर असलेल्या अमेरिकेच्या ग्वान्तानामो तळावर ती गायला गेली तेव्हा तिथली मूठभर माती सोबत घेऊन आली.

पहिलं वय ऐका सोनोरा मातान्सेरासोबतचं, पन्नासच्या दशकातलं. आवाज तरुण, धारदार. दुसरं १९७४ सालचं ‘किम्बारा’, रचना जुनिओर सेपेदाची, साथीला जॉनी पाचेको. साल्साचं घर म्हणावं अशी फानिया ही कंपनी १९६४ मध्ये न्यूयॉर्कला काढणाऱ्या दोघांपैकी हा एक. इथं क्लावेची टाळी सोडू नका. शब्दांना अर्थापेक्षा ताल जास्त आहे, ते शब्द म्हणजे बोलच. तिसरं १९९८ सालचं ‘ला बिदा एस उन कार्नाबाल’. सत्तरी ओलांडलेली बाई रडणाऱ्याला सांगते की आयुष्य जत्रा आहे. आईच्या अंत्यविधीची हकीकत ठाऊक असलेल्यानं ते ऐकलं की तो सल्ला उथळ वाटत नाही.

साल्साचं गाणं दोन भागांत चालतं. आधी बांधलेली कडवी. मग मोन्तुनो: समूह एक ओळ धरून बसतो आणि मुख्य गायक तिच्या मधल्या फटींत ऐनवेळी सुचलेल्या ओळी टाकत जातो. भजनात टाळकरी ध्रुवपद धरतात आणि बुवा वरून खेळतात, तसं. तो क्षण कुठं येतो ते घड्याळ लावून वहीत टिपा. गायक खरा किती पाण्याचा आहे ते तिथून पुढे कळतं. एक्तोर लावो हा पोर्तो रिकोचा गायक या फटींचा राजा. त्याचं सगळ्यात गाजलेलं ‘एल कान्तान्ते’ रुबेन ब्लेड्सनं लिहिलं होतं. गायकाला सगळे टाळ्या देतात, पण त्याच्या दुःखाची चौकशी कुणी करत नाही, असा त्याचा आशय. ब्लेड्सनं ते स्वतःजवळ न ठेवता १९७८ मध्ये लावोला दिलं.

हा ब्लेड्स पनामाचा. न्यूयॉर्कला आला तेव्हा फानियाच्या टपाल विभागात काम करायचा. १९७८ मध्येच विली कोलोनबरोबर त्याचा ‘सिएम्ब्रा’ हा संच आला. त्यातलं ‘पेद्रो नाबाहा’ सात मिनिटांहून लांब आहे: रात्र, रस्ता, एक चाकू बाळगणारा गुंड, एक बाई, आणि शेवटी अडखळत येणारा दारुडा. नाचायच्या गाण्यात एवढी मोठी कथा कोण ऐकणार, असं लोकांना वाटलं होतं. पोवाड्यावर वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. मात्र ते अर्थ हाताशी ठेवूनच ऐका. नुसत्या तालावर ऐकलंत तर निम्मं गाणं वाया जाईल. ब्लेड्स १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, पुढे पनामाचा पर्यटनमंत्रीही झाला.

व्हियोलेता आणि मेर्सेदेस

आता माझ्या जिवाच्या गाण्याकडे येते. ‘ग्रासियास आ ला बिदा’, आयुष्या, तुझे उपकार. चिलीच्या व्हियोलेता पारानं ते रचलं, १९६६ साली ध्वनिमुद्रित केलं, आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत स्वतःचं आयुष्य संपवलं. हे ठाऊक नसताना ऐकलं तर प्रसन्न गाणं वाटतं. कळल्यावर ते पुन्हा तसं ऐकू येत नाही.

पन्नासच्या दशकात व्हियोलेता चिलीच्या खेड्यापाड्यांतून फिरली, म्हाताऱ्या माणसांसमोर बसून त्यांची गाणी लिहून घेतली. जात्यावरच्या ओव्या अशाच गावोगाव फिरून टिपून घेणाऱ्यांची आठवण येते. ती तागाच्या कापडावर लोकरीनं चित्रं भरायची. १९६४ मध्ये पॅरिसला लूव्रच्या वास्तूतल्या सजावटकला संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं. आवाज खेडवळ, कोरडा, अलंकार शून्य. साथीला चारांगो, अँडीज पर्वतातलं छोटंसं तंतुवाद्य. प्रत्येक कडव्याची पहिली ओळ तीच, आणि दर कडव्यात आयुष्यानं काय दिलं ते: डोळे, कान, शब्द, चालणारे पाय, काळीज, शेवटी हसू आणि रडू. हे वहीत कडव्यागणिक लिहा. यादी साधी दिसते. पण शेवटी ती म्हणते की या दोन गोष्टींनीच माझं गाणं झालंय, आणि तुमचं गाणंही तेच.

दुसरा आवाज अर्जेंटिनाच्या मेर्सेदेस सोसाचा, १९७१ सालच्या व्हियोलेताला वाहिलेल्या संचातला. सोसा गाणी रचणारी नव्हती, ती इन्तेर्प्रेते. पण दुसऱ्याचं गाणं उचलून ते साऱ्या खंडाचं कसं करायचं हे तिच्याकडून शिकावं. खर्जात रुजलेला, रुंद, आईसारखा आवाज. लष्करी राजवटीत ला प्लाताच्या मैफलीत तिला श्रोत्यांसकट अटक झाली, १९७९ मध्ये देश सोडावा लागला. राजवट अजून होती तेव्हाच, फेब्रुवारी १९८२ मध्ये ती परतली आणि ब्वेनोस आइरेसच्या तेआत्रो ओपेरात गायली. त्या मैफलींचं ध्वनिमुद्रण मिळतं. गाण्याइतकंच श्रोत्यांकडे कान द्या. एवढी माणसं एका बाईची वाट बघत होती, ते टाळ्यांतून कळतं. तिसरा आवाज अमेरिकेच्या जोन बाएझचा, १९७४. उंच, पारदर्शक, मला तो तिसऱ्याच क्रमांकावर ऐकायला आवडतो.

सोसाकडे वळलातच तर एक ताल आणखी. अर्जेंटिनाच्या लोकगीतांत सहा मात्रांचं आवर्तन असतं, दादऱ्यासारखं. पण ढोल तीन-तीन मोजतो आणि गिटार त्याच वेळी दोन-दोन-दोन. एका मांडीवर एक, दुसऱ्या मांडीवर दुसरं, असा सराव करा. दोन आठवडे लागतील. तो ढोल बोम्बो लेग्वेरो. पोकळ खोडावर कातडं ताणलेला, कोसभर ऐकू जातो म्हणून त्याला ते नाव. सोसा मैफलीत तो स्वतः गळ्यात घालून वाजवायची.

मेक्सिकोत परत

राहिली रान्चेरा, मेक्सिकोची जिवाच्या आकांतानं गायची गाणी. होसे आल्फ्रेदो हिमेनेस हा तिचा कवी. त्याला एकही वाद्य येत नव्हतं. चाल शिट्टीवर ऐकवायचा आणि रुबेन फुएन्तेस ती स्वरलिपीत उतरवायचा. १९७३ साली, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. दोलोरेस इदाल्गो या त्याच्या गावी समाधीवर भलीमोठी सोम्ब्रेरो टोपी आणि रंगीत घोंगडी घडवली आहे.

त्यानंतर ह्वान गाब्रिएल. अनाथाश्रमासारख्या संस्थेत वाढला. तिथल्या एका पत्र्याचं काम करणाऱ्या मास्तरांनी त्याला गिटार शिकवली. ‘आमोर एतेर्नो’ त्याचं. मेक्सिकोत मातृदिनाला आणि अंत्ययात्रेत हमखास गातात. आजींच्या बहिणीच्या अंत्यविधीला मी ते ऐकलं. गळा नसलेली माणसंही गात होती, कुणी सुरात यायची वाट बघत नव्हतं. आपल्याच गाण्यांच्या हक्कांवरून रेकॉर्ड कंपनीशी भांडण झालं तेव्हा त्यानं अनेक वर्षं नवा संच काढला नाही. १९९४ मध्ये काढला त्याचं नाव ‘वाट पाहिल्याबद्दल आभार’.

ऑगस्ट २०१२ मध्ये शावेला बार्गास गेली, त्र्याण्णवाव्या वर्षी. त्या दिवशी आजींनी दुपारपर्यंत टीव्ही बंद केला नाही. शावेला मूळची कोस्टारिकाची. पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलेल्या रान्चेरा ती शब्द न बदलता, वाद्यवृंद काढून टाकून, गिटारीवर गायची. आजी पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “तिच्याकडे बघू नकोस, मागच्या गिटारी ऐक.” त्या वाजवणाऱ्यांचं नाव लोस माकोरिनोस.

२०१७ साली आजींचा फोन आला, आम्ही तेव्हा मिरजेत परतलो होतो. नातालिया लाफोर्काद या तरुण गायिकेचा ‘मुसास’ नावाचा संच ऐक म्हणाल्या, बाकी काही सांगितलं नाही. त्याच वर्षी सगळं जग ‘देस्पासितो’ ऐकत होतं (त्याच्या रचनाकारांत एरिका एन्देर ही पनामाची बाई आहे, तेही वहीत लिहा). मी ‘मुसास’ लावला, डोळे मिटून थाप धरली. एक, पाच, सात. दुसऱ्या कडव्यापर्यंत मला त्या गिटारी ओळखू आल्या.

तुम्ही शावेला आधी ऐका, निदान दोन आठवडे. मग नातालिया लावा.